फुप्फुस प्रत्यारोपण : ऑपरेशनच्या पलीकडचा हिशोब

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एखादा भाऊ रुग्णाची फाइल घेऊन उभा असतो, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन येतं : "फुप्फुसं बदलायची आहेत, इतके लाख कमी पडतायत." राबोडी असो, मुंब्रा-कौसा असो, कल्याणचा दूधनाका असो की भिवंडी, आपली माणसं हात आखडता घेत नाहीत. पैसे जमतात, ऑपरेशन होतं, "अल्हम्दुलिल्लाह, यशस्वी झालं" असा निरोप येतो आणि मग त्या घराची कुणी चौकशी करत नाही. खरी ओढाताण मात्र तिथूनच सुरू होते.

हा लेख अशा नवरा-बायकोसाठी आहे ज्यांना डॉक्टरांनी "ट्रान्सप्लांट" हा शब्द नुकताच सांगितलाय, आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्या नातेवाइकांसाठी आणि जमातींसाठी. आमचं सांगणं एवढंच की हिशोब ऑपरेशनच्या दिवसापर्यंतचा करू नका, निदान पाच वर्षांचा करा. औषधाला पैसे नाहीत म्हणून डोस चुकला, तर लाखो रुपये खर्चून बसवलेलं फुप्फुस शरीर नाकारू शकतं.

कुणाला लागतं, कधी विचारायचं

फुप्फुसं आखडून कडक होणं, म्हणजे ज्याला डॉक्टर फायब्रोसिस किंवा आयएलडी म्हणतात, हे प्रत्यारोपणाचं एक मोठं कारण आहे. सीओपीडी, ब्रॉन्किएक्टॅसिस, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला दाब, दगड-वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस ही इतर कारणं. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळेही काही लोकांची फुप्फुसं कायमची खराब होतात. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून वाद पेटला तेव्हा हा आजार घराघरात माहीत झाला.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अनेक जण वर्षानुवर्षं "दमा आहे" म्हणून पंप आणि गोळ्यांवर काढतात. चालताना ऑक्सिजन खाली जायला लागला, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, की त्याच वेळी छातीच्या डॉक्टरांना विचारा : "आम्हाला प्रत्यारोपण केंद्रात दाखवायची वेळ आली का?" रुग्ण व्हेंटिलेटरवर गेल्यावर विचारलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

प्रत्येकाला हे ऑपरेशन करता येत नाही. अंगात कॅन्सर असेल, टीबीवर उपचार झालेले नसतील, मूत्रपिंड किंवा यकृत फारच खराब असेल, तर केंद्र नकार देतं. विडी-सिगारेट पूर्ण सुटून काही महिने झालेले असावे लागतात. वजन फार जास्त किंवा फार कमी असेल तर आधी ते ठीक करायला सांगतात. नकार मिळाला म्हणजे उपचार संपले असं नाही. औषधं, ऑक्सिजन, श्वासाचे व्यायाम आणि त्रास कमी ठेवणारे उपचार चालूच राहतात.

बायको आपलं फुप्फुस देऊ शकते का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो, कारण किडनीच्या बाबतीत तसं होतं. १४ मार्च २०१९ ला, जागतिक किडनी दिनी, मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये ठाण्याच्या एका मुस्लिम कुटुंबाने आणि बिहारच्या एका हिंदू कुटुंबाने किडन्यांची अदलाबदल केली. दोघींचा रक्तगट आपापल्या नवऱ्याशी जुळत नव्हता, म्हणून एकीने दुसरीच्या नवऱ्याला किडनी दिली. दोन घरं वाचली.

फुप्फुसाचं तसं नाही. जिवंत माणसाच्या फुप्फुसाचा भाग काढून लावायची पद्धत जपानसारख्या देशात वापरली जाते, पण त्यासाठी सहसा दोन दाते लागतात. आपल्याकडे फुप्फुसं व्यवहारात मेंदू-मृत दात्याकडूनच मिळतात. त्यामुळे जोडीदाराच्या हातात अवयव देणं नसतं. रुग्णाला सांभाळणं, कागदपत्रं करणं आणि घर चालवणं हे सगळं मात्र त्याच्यावरच येतं. केंद्रातले डॉक्टरही आधी विचारतात : "पहिले काही महिने चोवीस तास सोबत कोण राहणार?" याचं पक्कं उत्तर नसेल तर नोंदणीच अडू शकते.

नोंदणी कशी होते

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे, २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. "पैसे द्या, नंबर वर आणतो" म्हणणारा दलाल फसवतोय हे नक्की समजा.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, त्यांना झेडटीसीसी म्हणतात. ठाणे जिल्हा मुंबई केंद्राखाली येतो. रुग्णाने थेट तिथे अर्ज करायचा नसतो. मान्यताप्राप्त रुग्णालय तपासण्या करून नाव यादीत घालतं. मुंबईत गिरगावचं सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन हॉस्पिटल आणि परळचं ग्लेनईगल्स इथे ही शस्त्रक्रिया झालेली आहे. चेन्नई आणि हैदराबादला मोठी केंद्रं आहेत. सरकारी रुग्णालयांमध्ये चंदीगडच्या पीजीआयने २०१७ मध्ये पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण केलं. २०२३ पासून केंद्राने रहिवासी दाखल्याची अट काढायला सांगितलं आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यातही नाव नोंदवता येतं. पण तिथे गेलात तर महिनोन्महिने भाड्याच्या खोलीत राहावं लागेल, तो खर्चही धरा.

फुप्फुस देताना रक्तगट आणि छातीचं माप जुळावं लागतं. शरीराबाहेर ते बर्फात साधारण सहा तासच चांगलं राहतं. म्हणून फोन आला की लगेच निघावं लागतं. रात्री अडीचला फोन आला तर कल्याणहून गिरगावला कसं जायचं, गाडी कुणाची, मुलं कुणाकडे ठेवायची, हे आधीच ठरवून ठेवा. लोकलच्या भरवशावर राहू नका. कधी कधी पोहोचल्यावर कळतं की दात्याचं फुप्फुस वापरण्यासारखं नाही, आणि घरी परतावं लागतं. त्यासाठीही मन तयार ठेवा.

खर्चाचे तीन टप्पे

पहिला टप्पा प्रतीक्षेचा. सीटी स्कॅन, हृदयाच्या तपासण्या, लसी, ऑक्सिजन मशीनचं भाडं, वाढलेलं वीजबिल, आणि याच काळात बुडालेला पगार.

दुसरा टप्पा ऑपरेशनचा. खासगी रुग्णालयांत दोन्ही फुप्फुसांसाठी साधारण २५ ते ४० लाखांचा अंदाज दिला जातो. आयसीयूतले दिवस वाढले, एक्मो मशीन लागलं, जंतुसंसर्ग झाला तर आकडा वर जातो. लेखी अंदाजपत्रक मागा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा : यात किती दिवसांचा आयसीयू धरलाय? दात्याचं फुप्फुस आणण्याचा खर्च यात आहे का? पॅकेजच्या बाहेर काय काय आहे?

तिसरा टप्पा आयुष्यभराचा. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही शरीराला नवं फुप्फुस नाकारू न देणारी औषधं. त्यांच्यासोबत जंतू, बुरशी आणि विषाणू रोखणारी औषधं, आणि पहिल्या वर्षात वारंवार रक्ततपासणी व दुर्बिणीने फुप्फुस पाहणं. औषधांना महिन्याला १५ ते ३० हजार लागतात असं धरून चाला, सुरुवातीच्या महिन्यांत त्याहूनही जास्त.

आता पाटीवर मांडून पाहू. समजा कल्याणच्या एका जोडप्याचं ऑपरेशन ३० लाखांत झालं आणि औषधांना महिन्याला २५ हजार लागले. वर्षाचे ३ लाख, पाच वर्षांचे १५ लाख. म्हणजे ऑपरेशनच्या निम्मी रक्कम पुन्हा, आणि यात तपासण्या धरलेल्याच नाहीत. ३० लाख गोळा करून थांबलं तर दुसऱ्याच वर्षी बायकोचे दागिने गहाण पडतात.

आणखी एक कटू गोष्ट दोघांनी मिळून ऐकायला हवी. जगभरच्या नोंदी सांगतात की फुप्फुस प्रत्यारोपणानंतर साधारण निम्मे रुग्ण सहा-साडेसहा वर्षांपर्यंत जगतात. पहिलं वर्ष नीट पार पडलं तर पुढची आशा बरीच वाढते. किडनी किंवा यकृतापेक्षा हे प्रमाण कमी आहे. आयुष्य अल्लाहच्या हातात आहे, पण घर विकायचं की नाही, मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडायचे की नाही, हे ठरवताना हा आकडा समोर असला पाहिजे. डॉक्टरांना दोघांनी एकत्र बसून विचारा.

पैसा कुठून उभा करायचा

मुख्यमंत्री सहायता निधी : प्रत्यारोपणासाठी जास्तीत जास्त २ लाख रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत), आधार, रेशन कार्ड, रुग्णालयाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट आणि प्रत्यारोपण यादीतल्या नोंदणीची पावती लागते. अर्ज उपचाराच्या आधी किंवा उपचार चालू असताना करा. बिल भरून घरी आल्यावर मागाल तर मिळत नाही. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयातही हा कक्ष आहे, त्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना मंत्रालयात खेपा घालायची गरज राहिलेली नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना : रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. पाच लाखांच्या वर जाणाऱ्या उपचारांसाठी, ज्यात फुप्फुस प्रत्यारोपणही आहे, वेगळा निधी ठेवायचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. तुमच्या रुग्णालयात तो लागू आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

धर्मादाय रुग्णालयं : ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत उपचार. रुग्णालयातल्या समाजसेवकाला आधी भेटा. दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

राष्ट्रीय आरोग्य निधी : दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांसाठी, पण उपचार सरकारी रुग्णालयात हवेत.

ईएसआयसी : एमआयडीसी किंवा कारखान्यात काम असेल आणि पगारातून कपात होत असेल, तर आधी हा रस्ता तपासा.

खासगी विमा : जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. खोलीभाड्याची मर्यादा आणि घरी गेल्यानंतर किती दिवसांची औषधं मिळतात, हे पॉलिसीत शोधा.

आखातातल्या भावांचे पैसे : भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेतून थेट पाठवावेत, त्यात अडचण नाही. पण परदेशी नागरिकांची देणगी मोहल्ल्यातल्या ट्रस्टच्या खात्यात घ्यायची असेल तर ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी हवी.

जकात : एकदाच नको, टप्प्याने द्या

कुरआनात सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात गरीब, गरजवंत आणि कर्जात बुडालेले येतात. कालपर्यंत जकात देणारा माणूस अशा आजारानंतर जकातीचा हक्कदार होऊ शकतो, त्यात लाज नाही. निसाबची चांदी ६१२.३६ ग्रॅम. गरजा आणि कर्ज वगळून तेवढी मालमत्ता उरत नसेल तर हनफी मतानुसार जकात घेता येते.

भाऊ, बहीण, चुलते, मामा यांना जकात देता येते. आईबाप आणि मुलांना देता येत नाही, त्यांचा खर्च ही तशीही आपली जबाबदारी आहे. नवऱ्याने बायकोला देऊ नये यावर एकमत आहे. बायकोने नवऱ्याला द्यावी का, यात फरक आहे. इमाम अबू हनीफांच्या मते नाही, शाफई मतानुसार देता येते. ठाणे, कल्याण, भिवंडीचे कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत, त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं.

जमातींना आमची विनंती : रुग्णाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम टाकली तर तो निसाबच्या वर जातो, आणि ती रक्कम घरखर्चात विरघळतेही. त्यापेक्षा पाच-सहा घरांनी मिळून महिन्याच्या औषधांची जबाबदारी वाटून घ्यावी. एका घराने टॅक्रोलिमस, दुसऱ्याने रक्ततपासणी. लिल्लाह आणि सदक्याचे पैसे यासाठी सोपे पडतात, जकातीत मालकी रुग्णाच्या हातात गेली पाहिजे एवढं पाहा. ऑनलाइन निधी जमवताना शक्यतो पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ द्या, आणि "पुढच्या दोन वर्षांची औषधं" हा आकडा आवाहनात पहिल्या दिवसापासून लिहा. ऑपरेशन झाल्यावर लोकांना पुन्हा सांगणं कठीण जातं.

घरी आल्यानंतर

रुग्णालयातून साधारण दोन ते चार आठवड्यांत सोडतात, गुंतागुंत झाली तर जास्त. पहिले तीन महिने केंद्राजवळ राहायला सांगतात.

- औषधं रोज ठरलेल्या वेळी, बारा तासांच्या अंतराने. दोन मोबाइलवर गजर लावा. ब्रँड स्वस्तात मिळाला म्हणून परस्पर बदलू नका. डॉक्टरांना सांगून, रक्तातली पातळी तपासूनच बदला.
- एका वहीत रोज ताप, बीपी, वजन, शुगर आणि फुंकण्याच्या यंत्रावरचा आकडा लिहा. स्टेरॉइडमुळे शुगर वाढते.
- ताप १००.४ च्या वर गेला, फुंकण्याचा आकडा १० टक्क्यांनी घसरला, दम किंवा खोकला वाढला, तर सकाळची वाट पाहू नका, केंद्राला फोन करा. गल्लीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक आणू नका. बुरशीची आणि टीबीची काही औषधं टॅक्रोलिमसची पातळी पार वरखाली करतात.
- चकोतरा आणि पपनस खाऊ नका. काढे, हकीमी पुड्या, कलौंजीचं तेल, हिजामा, यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता नको.
- पाणी उकळून. कच्चं सॅलड, अर्धवट शिजलेलं अंडं-मटण, नाक्यावरची पाणीपुरी बंद.
- घरात लोबान, अगरबत्ती, ऊद जाळू नका. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी रुग्णाने स्वतः पुसू नये. खिडकीला कबुतरांची जाळी लावा. शेजारी तोडफोड चालू असेल तर त्या दिवशी दुसऱ्या नातेवाइकाकडे जा.
- भेटायला येणाऱ्यांना दारातूनच सलाम. आपल्याकडे इयादत हे सवाबचं काम आहे, म्हणून लोक लहान मुलांसकट येतात. सर्दी झालेला एक पाहुणाही या रुग्णाला पुन्हा आयसीयूत पोहोचवू शकतो. "डॉक्टरांनी मनाई केलीय" असा कागद दारावर लावा, वाईटपणा डॉक्टरांकडे जाऊ द्या.

मायकोफेनोलेटमुळे गर्भाला इजा होते. पत्नी रुग्ण असेल तर गर्भधारणेचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. नवरा-बायकोचं नातं पुन्हा नेहमीसारखं कधी होईल, हेही लाजून न ठेवता विचारा.

रोजा, जुमा, कुर्बानी, हज

आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत कुरआनानेच दिली आहे. बारा तासांची औषधं आणि भरपूर पाणी गरजेचं असल्याने डॉक्टर बहुधा रोजा नको म्हणतात. बरं होऊन रोजे ठेवता येण्याची आशा नसेल तर दर रोज्याचा फिदया, म्हणजे एका गरिबाचं जेवण. नमाज बसून पढा. सुरुवातीचे महिने गर्दीचा जुमा आणि तरावीह टाळून घरीच नमाज अदा करा. बकरी ईदला जनावराजवळ जाऊ नका, कच्च्या मटणाला हात लावू नका, कुर्बानी दुसऱ्याला वकील करून होते. हज-उमराहची गर्दी धोक्याची आहे. प्रकृतीने कायमची असमर्थता असेल तर हज्जे-बदलचा पर्याय आलिमांना विचारा.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

भारतात अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र आपल्या समाजातही वेगळं नाही. बायकोचा दम वाढतो तेव्हा "कामाने थकली असेल" म्हणून महिने जातात. तिला रिपोर्टची गरज तेवढीच आहे.

नवरा आजारी असेल तर सहा महिन्यांत बायको नर्स, स्वयंपाकीण, हिशोबनीस आणि कमावती सगळंच होते. सासर-माहेरने आठवड्यातला एक दिवस तिला सुट्टी द्यावी. रात्री सोबत झोपायला दुसरं माणूस द्यावं. बँकेचं खातं, विमा, घराचे कागद तिला माहीत असावेत. पैशांबरोबर तिला अशी मदतही हवी असते, आणि ती आपल्यातला प्रत्येकजण करू शकतो.

घेतो, तर देतो का?

शेवटी एक प्रश्न उरतो. आपल्या घरातल्या माणसाला फुप्फुस मिळतं तेव्हा ते कुणाच्या तरी मेंदू-मृत लेकाचं किंवा बापाचं असतं. भारतात असे दाते दहा लाख लोकांमागे एकही भरत नाहीत.

जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८६ च्या अम्मान बैठकीत मेंदूचं काम कायमचं थांबणं हा मृत्यू मानला, आणि १९८८ मध्ये अटींसह अवयव प्रत्यारोपणाला परवानगी दिली : मृताची आधीची संमती किंवा वारसांची परवानगी हवी आणि विक्री नको. आपल्याकडे देवबंद परंपरेतले अनेक मुफ्ती मृत्यूनंतरच्या अवयवदानाच्या विरोधात आहेत. ज्यांना फतवा हवा त्यांनी आपल्या आलिमांकडून घ्यावा. पण घरात कुणाला गरज पडली की घाईघाईत फतवा शोधण्यापेक्षा, सगळे धडधाकट असताना जेवणाच्या दस्तरखानवर बसून हा विषय एकदा बोलावा, एवढं आम्ही म्हणतो.

ज्या घरात आज ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज चालू आहे, त्या घराला अल्लाह शिफा आणि सब्र देवो. आणि त्यांचं ऑपरेशन झाल्यावर सहाव्या महिन्यात त्यांना फोन करून "औषधं आहेत ना?" एवढं विचारायची तौफिक आपल्या सगळ्यांना देवो. आमीन.